सलीमभाईचा मोटर चालू करणारा डबा

सलीमभाईच्या दुकानाच्या मागच्या खोलीत जुन्या रिमोटचा एक ढीग होता. कोणी टाकून गेलेले, कोणी विसरून गेलेले. त्यातला एक शोधायला हात घातला की नको असलेले पाच-सहा वर यायचे आणि हवा तो तळाशीच राहायचा. आमच्या बैठकीतल्या किश्श्यांचंही तेच आहे. मला खरं तर एकच सांगायचाय, सगळ्यात भारी. पण बाकीचे आधी वर आलेत, त्याला माझा इलाज नाही!

तर, परतवाड्याला माझा फोटो स्टुडिओ आणि त्याला लागून सलीमभाईचं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान. आमच्या मधे एकच भिंत, तीही अर्ध्या विटेची. तिकडे तो शिंकला की इकडे माझं गिऱ्हाईक हलायचं आणि फोटो वाया जायचा. बैठक मात्र त्याच्याकडे. कारण सलीमभाईशी भांडायला मजा यायची. अमरावतीपासून अकोल्यापर्यंत आपल्या तोडीचा मिस्त्री नाही, हे तो स्वतःच सांगायचा, त्यामुळे दुसऱ्या कोणाला सांगायची वेळच यायची नाही.

बैठकीला आणखी दोघं. एक वानखडे सर. शाळेत विज्ञान शिकवायचे आणि बाजारात जे नवीन यंत्र येईल ते आधी घरी आणायचे. दुसरे गजूभाऊ, जवळच्याच एका गावचे, संत्र्याचा बगिचा असलेले. राजकारणावर गजूभाऊंचं एकच मत होतं: सगळे पुढारी सारखेच. पण हे एक मत ते रोज नव्या रागानं मांडायचे, त्यामुळे आम्हाला दर वेळी ताजं वाटायचं.

*

एकदा अचलपूरचे एक काका ऑटोत टीव्ही घालून आले. तक्रार अशी की, बातम्यांत त्यांच्या पक्षाचा पुढारी बोलायला लागला की टीव्हीचा आवाज जातो. दुसऱ्या पक्षाचा माणूस आला की आवाज ठणठणीत! काकांना संशय होता की टीव्हीची कंपनीच विरोधकांची आहे.

आमच्यात लगेच दोन तट पडले. गजूभाऊंचं म्हणणं, असं होऊ शकतं, ह्या लोकांचं काही सांगता येत नाही. वानखडे सरांनी माणसाच्या आवाजातल्या लहरींवर एक तासिकाच घेतली. सलीमभाईनं टीव्ही दुकानात चालू ठेवला. काकांचा पुढारी त्यात आला, बोलला, ओरडला, टेबलावर मूठ आपटली. आवाज एकदाही गेला नाही.

शेवटी सलीमभाई टीव्ही घेऊन काकांच्या घरी गेला आणि बातम्यांच्या वेळी त्यांच्यासोबत बसला. पुढारी आला, आवाज गेला. सलीमभाईनं मागे वळून पाहिलं तर स्वयंपाकघराच्या दारात काकांची सून उभी, रिमोट पदराआड. तिनं सलीमभाईकडे पाहिलं, सलीमभाईनं तिच्याकडे.

"काका," सलीमभाई म्हणाला, "टीव्हीत काई खराबी नाही. घरातला विरोधी पक्ष मजबूत हाये."

काकांनी थोडा विचार केला आणि विचारलं, "तो पार्ट अकोल्याले भेटन का?"

*

वानखडे सरांनी इन्व्हर्टर घेतला तेव्हाची गोष्ट. भारनियमनाचे दिवस होते. आमच्याकडे वीज गेली असं कोणी म्हणत नाही, लाईन गेली म्हणतात. आणि तेव्हा लाईन जायची नाही, ती अधूनमधून यायची. अशा दिवसांत सरांच्या घरात लाईन गेल्यावरही पंखा फिरायला लागला. सर आठवडाभर नुसते हवेत होते.

मग गल्लीला कळलं. क्रिकेटची मॅच असली की सरांच्या हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नाही. मतमोजणीच्या दिवशी तर दोन्ही पक्षांचे लोक आले आणि आपापसात भांडले, तेही सरांच्या पंख्याखाली. परीक्षा आली तेव्हा गल्लीतली पोरं पुस्तकं घेऊन आली. त्यांना हाकलणार कसं, मास्तरच ते! सरांना स्वतःच्या घरात बसायला जागा उरली नाही, म्हणून ते आमच्याकडे येऊन अंधारात बसायचे.

एक दिवस ते सलीमभाईच्या कानाशी लागले. घरात उजेड राहील पण बाहेरून अंधार दिसेल, असं काही करता येईल का? सलीमभाईनं फार गंभीर चेहरा करून सांगितलं की असं यंत्र आहे, त्याला घोंगडी म्हणतात. सरांनी खरंच खिडक्यांना घोंगड्या लावल्या. उन्हाळ्यात!

दुसऱ्या दिवशी सरांच्या पत्नींनी सगळ्या घोंगड्या काढून धुवायला टाकल्या आणि खिडक्या उघडून गल्लीला हाक मारली. सरांना एवढंच म्हणाल्या की, उजेड लपवायचाच होता तर कंदील काय वाईट होता?

*

आता माझ्या स्टुडिओतला एक. मोबाईल नवीन नवीन आले तेव्हा पुढाऱ्यांच्या फोटोची पोझच बदलली. आधी हात जोडलेला फोटो चालायचा. आता कानाला मोबाईल लावलेला पाहिजे. फ्लेक्सच्या बोर्डावर आठ-दहा चेहरे असले तर त्यातले निम्मे फोनवर बोलत असायचे, कोणाशी ते देव जाणे. ज्यांच्याकडे मोबाईल नाही अशा होतकरूंसाठी मी सलीमभाईकडून एक मेलेला मोबाईल आणून ठेवला होता.

एक दिवस असेच एक होतकरू आले. नगरपालिकेचं तिकीट मिळणार म्हणून नवीन कुर्ता शिवलेला. मी लाईट लावले, हातात तो मोबाईल दिला, कानाला लावायला सांगितलं. इतक्यात त्यांच्या वॉर्डातले काही लोक पासपोर्ट फोटो काढायला आत आले.

झालं! आमचे भाऊ फोनवर बोलायला लागले. "हो साहेब. नाही साहेब. वॉर्डाची चिंताच करू नका साहेब. पाण्याच्या टाकीचं तेवढं उद्याच करून टाका." वॉर्डातले लोक डोळे मोठे करून ऐकत होते. मी कॅमेऱ्यामागे ओठ दाबून उभा होतो. भाऊंना मुंबईहून बरंच काही मंजूर होत होतं. टाकी झाली, रस्ता झाला, मग समाजमंदिरही झालं.

मधली भिंत अर्ध्या विटेची आहे हे मी सांगितलंच. सलीमभाई पडदा सारून आत आला, भाऊ थांबायची अगदी अदबीनं वाट पाहिली, आणि खिशातून काहीतरी काढून पुढे धरलं.

"भाऊ, बोलनं झालं असन तं ही बॅटरी टाकून घेतो."

*

गजूभाऊंच्या बगिच्यातला रेडिओ हा तर वेगळाच प्रकार. शेतीची लाईन कधी येईल याचा नेम नव्हता. संत्र्याला उन्हाळ्यात पाणी चुकलं की फळ गळतं, आणि लाईन आल्याचं वावरात बसल्याशिवाय कळत नाही. म्हणून गजूभाऊंनी विहिरीवरच्या खोलीत विजेवरचा रेडिओ चालूच करून ठेवला होता, आवाज पूर्ण मोठा. लाईन आली की रेडिओ ओरडणार आणि गजूभाऊ बांधावरून पळत जाऊन मोटरचं बटण दाबणार. आजूबाजूचे लोकही त्यांच्याच रेडिओवर पळायचे.

एक दिवस दुपारपासून वाट पाहून सगळे कंटाळले. अचानक रेडिओ बोलला. आवाज स्वच्छ, खणखणीत: "शेतकरी बंधूंनो, या दिवसांत संत्र्याच्या झाडांना पाणी देण्यात अजिबात हयगय करू नका." गजूभाऊ धोतराचा सोगा धरून पळाले. खोलीपर्यंत पोहोचले, बटणाला हात लावला आणि लाईन गेली.

हे सांगताना गजूभाऊ रेडिओला जे जे बोलायचे ते इथे लिहिता येत नाही. पण त्या दिवशी सलीमभाई हसला नाही. त्यानं एवढंच विचारलं की विहिरीवर मोबाईलची रेंज येते का.

*

नेमकं त्याच सुमारास आम्ही चौघं अकोल्याला गेलो होतो, सरांना नवीन टीव्ही घ्यायचा होता म्हणून. दुकान असं चकाचक की गजूभाऊंनी दारात चपला काढल्या. भिंतीवर पातळ टीव्ही टांगलेले. गजूभाऊंनी एकाला समोरून पाहिलं, मग बाजूनं पाहिलं, मग भिंतीला गाल लावून मागे पाहिलं. विक्रीच्या पोराला विचारलं, "बाकीचा टीव्ही कोठी ठेवला?"

आम्ही पोट धरून हसत होतो. सलीमभाई मात्र एका टीव्हीच्या मागे बोटं फिरवत होता. स्क्रू शोधत होता. त्यानं विचारलं, हा खोलायचा कुठून. पोरगं चांगलं होतं, हसलं नाही. म्हणालं, "काका, हा खोलत नाहीत. बिघडला की नवीन घेतात."

परतीच्या बसमध्ये सलीमभाई अकोट येईपर्यंत समोरच्या सीटचे स्क्रू बोटानं चाचपत बसला.

गिऱ्हाईक कमी झालेलंच होतं. त्याचा मुलगा इम्रान पुण्याला नोकरीला, घर मोठं, नातू झालेला. अब्बूंनी दुकान बंद करून यावं असा त्याचा रोजचा फोन. सलीमभाईच्या बायकोचा, आमच्या भाभींचाही, जीव नातवाकडे लागलेला. त्या आठवड्यात सलीमभाईनं बैठकीत जाहीर करून टाकलं. त्याच्या डोक्यात एक डबा आहे. मोबाईलवरून विहिरीवरची मोटर चालू करणारा. तो डबा चालला तर तो परतवाड्याला राहील, नाही चालला तर पुण्याला जाऊन नातू खेळवील.

पुण्यात त्याच्याशी भांडायला कोण मिळणार होतं? आणि इकडे माझ्याशी? डबा चाललाच पाहिजे, असं मी त्या दिवसापासून धरून बसलो.

*

डबा तयार झाला! एक जुना बटणांचा मोबाईल, अकोल्याहून आणलेला एक रिले, म्हणजे आपोआप दबणारं बटण, काही वायरी, आणि वर जेवणाच्या डब्याचं झाकण. विहिरीवर मोटरच्या स्टार्टरला जोडून ठेवायचा. डब्यातल्या मोबाईलला मिस कॉल दिला की मोटर चालू, पुन्हा मिस कॉल दिला की बंद. ज्या बगिच्यात बसवायचा त्या मालकानं आपलं एक नवीन सिमकार्ड आत घालायचं. वावरात जायचं कामच नाही!

पहिला डबा गजूभाऊंच्या विहिरीवर बसवला. नारळ फोडला. गावच्या चौकात आम्ही सगळे जमलो, निम्मं गाव आलं. वावरातून आलेल्या एका पोरानं लाईन आल्याचं सांगितल्यावर सुशीलावहिनींच्या, म्हणजे गजूभाऊंच्या बायकोच्या हातून मिस कॉल दिला. वहिनींनी बटण दाबलं, एक रिंग गेली, फोन कापला. सलीमभाईनं सगळ्यांकडे अशा नजरेनं पाहिलं की जणू चंद्रावर यान उतरवलं.

मग कोणीतरी विचारलं, "चालू झाली का?"

आता हे चौकातून कसं कळणार? विहिरीवर तर कोणीच नव्हतं. सलीमभाई म्हणाला, झालीच असणार. सर म्हणाले, विज्ञानात 'असणार' चालत नाही. गजूभाऊ आधीच निघाले होते. त्यांच्यामागे मी, माझ्यामागे सर, मग सगळं गाव. बांधावरून ही रांग लागलेली. मोटर धो धो चालू होती आणि आम्ही तिथे नाचायचं तेवढंच बाकी होतं. वावरात कोणाला जावं लागू नये म्हणून केलेल्या यंत्रासाठी त्या दिवशी जेवढे लोक वावरात गेले, तेवढे गजूभाऊंच्या लग्नालाही आले नव्हते.

*

त्यानंतर डब्याची मागणी सुरू झाली. ह्या गावात दोन, त्या गावात चार. सलीमभाईची मान पुन्हा वर झाली आणि भांडणंही जोरात सुरू झाली.

सुशीलावहिनींचा तर डब्यावर फार जीव जडला. त्या एकदा बायकांसोबत गुरुकुंज मोझरीला गेल्या होत्या. सायंकाळची प्रार्थना, सगळे डोळे मिटून शांत बसलेले. वहिनींना डोळे मिटल्यावर बगिच्याची कोपऱ्यातली रांग दिसायला लागली. त्यांनी पदराखाली मोबाईल धरून मिस कॉल दिला. शेजारच्या बाईनं नंतर विचारलं, ध्यानात मन लागलं का? वहिनी म्हणाल्या, "लागलं ना बाप्पा. चार वाफे ओले झाले."

*

आणि आता तो. ज्याच्यासाठी एवढं सगळं सांगत बसलो तो.

निवडणूक लागली होती. प्रचार रंगात आलेला. आमच्या भागात दोघांत खरी लढत होती, आपण त्यांना भाऊसाहेब आणि दादासाहेब म्हणू. बैठकीत गजूभाऊ रोज सांगत होते की दोघं सारखेच. आणि अशातच सलीमभाईचे डबे बिघडायला लागले.

बिघडले म्हणजे कसे? मोटर आपोआप चालू व्हायची. मालक घरी जेवत बसलेला आणि तिकडे पाणी बांध फोडून रस्त्यावर. कोणी मिस कॉल देऊन मोटर चालू करावी, तर थोड्या वेळानं ती आपोआप बंद. एकानं सांगितलं की डब्यात काहीतरी शिरलंय. दुसऱ्यानं डब्याला लिंबू-मिरची बांधली. तरी मोटर चालूच!

मग डबे परत यायला लागले. लोक आपलं सिमकार्ड काढून घ्यायचे आणि डबा सलीमभाईच्या टेबलावर आणून ठेवायचे. तो प्रत्येक डबा उघडून तपासायचा. दुकानातलं सिमकार्ड घालून मिस कॉल द्यायचा, डबा बरोबर चालायचा. पुन्हा द्यायचा, बरोबर बंद व्हायचा. दोष सापडेचना. सलीमभाईनं फुशारक्या मारणं बंद केलं. आम्ही चिडवलं तरी उलट बोलेना. मतदानाच्या दुसऱ्या दिवशीची पुण्याची दोन तिकिटं काढली, त्याची आणि भाभींची. मला हे भिंतीपलीकडून ऐकून कळलं, आणि मला फार वाईट वाटलं.

शेवटी एकच डबा राहिला होता, गजूभाऊंचा. तेही एका सकाळी खाली मान घालून आले. मित्राला कसं सांगावं ते त्यांना सुचत नव्हतं. मोटर जळायची भीती होती, मोटर जळली तर बगिचा गेला. सलीमभाईनंच त्यांना मोकळं केलं. म्हणाला, तुम्ही कशाला काढता, माझ्या हातानं लावला, माझ्याच हातानं काढतो.

आम्ही चौघं निघालो. सरांच्या स्कूटरवर सलीमभाई, गजूभाऊंच्या गाडीवर मी. विहिरीवर वहिनी होत्या, फावडं घेऊन. लाईन आलेली होती पण मोटर बंद होती. सलीमभाईनं पिशवीतून पेचकस काढला आणि डब्याचं झाकण खोललं.

तेवढ्यात डब्यातल्या मोबाईलची स्क्रीन उजळली. रिले टक्कन वाजला आणि मोटर सुरू झाली. पाइपाच्या तोंडातून पाणी उसळलं.

आम्ही सगळ्यांनी आपापले मोबाईल वर धरून दाखवले. कोणीच फोन केलेला नव्हता. डब्यातला फोन वाजतच होता. सलीमभाईनं क्षणभर त्याच्याकडे पाहिलं, हिरवं बटण दाबलं आणि स्पीकर चालू केला.

"नमस्कार! मी तुमचा सेवक, भाऊसाहेब बोलतोय. माझ्या शेतकरी बांधवांच्या वावरात दिवसाढवळ्या पाणी पोहोचवणं, हेच माझं एकमेव स्वप्न आहे..."

पाइपातून पाणी धो धो पडत होतं. आम्ही चौघं एकमेकांकडे पाहत उभे होतो. आधी बोलल्या त्या वहिनी.

"पोचलं म्हना त्याईले."

अहो, काय हसलो आम्ही! सर तर बांधावर खालीच बसले. प्रचारासाठी रेकॉर्ड केलेले फोन होते ते, ज्याच्याकडे म्हणून मोबाईल नंबर आहे त्या सगळ्यांना जात होते. डब्यालाही नंबर होता, मग त्यालाही येत होते. फोन कोणाचा हे डब्याला कुठे कळतं? फोन आला की मोटर फिरवायची, एवढंच त्याला येत होतं. आणि लोक सिमकार्ड काढून डबे परत देत होते, दुकानातलं सिमकार्ड सलीमभाई तपासण्यापुरतंच घालायचा, म्हणून दुकानात तो दोष दिसत नव्हता.

भाऊसाहेबांचं भाषण संपलं. पाणी चालू राहिलं. आम्ही डोळे पुसतोय न पुसतोय तोच स्क्रीन पुन्हा उजळली. रिले वाजला. मोटर बंद! पाइपाची धार बारीक झाली आणि थांबली. सलीमभाईनं बटण दाबलं.

"मी दादासाहेब. बंधूंनो, समोरच्यांनी आजवर जे काही चालू केलं, ते कायमचं बंद करण्याची वेळ आता आली आहे..."

गजूभाऊंनी कपाळाला हात लावला. इतकी वर्षं ते सांगत होते की सगळे पुढारी सारखेच, आणि इथे एक चालू करत होता, एक बंद करत होता.

सलीमभाई हसत नव्हता. डब्यावर हात ठेवून उभा होता. "माह्या डब्यात खराबी नवती," तो म्हणाला. मग पुन्हा एकदा म्हणाला, जरा मोठ्यानं. त्याचा आवाज भरून आला होता आणि तो त्यानं लपवला नाही.

मग लगेच त्याच्यातला मिस्त्री जागा झाला. डबा आत्ताच दुकानात नेतो, त्याला कुलूप घालतो म्हणाला. म्हणजे गजूभाऊंचा आणि वहिनींचा नंबर सोडून दुसऱ्या कोणाचा फोन आला तरी डबा ढिम्म हलणार नाही. त्यानं वायरीला हात घातला.

"राहू द्या सलीमभाई," वहिनी म्हणाल्या. "मतदान झाल्यावर टाका कुलूप. म्या हाये ना इथी पानी पाह्याले. सद्या ते दोघं मिळून ओलीत करून राह्यले, तं करू द्या."

"मतदान झाल्यावर कुलूप काहाले पाह्यजे?" गजूभाऊ म्हणाले. "त्याच्यानंतर कोन फोन करते आपल्याले?"

आम्ही पुन्हा हसणार होतो, पण सर मधेच हळू आवाजात बोलले. बाकीच्यांच्या डब्यांनाही कुलूप लागेल, लोक पुन्हा मागतील, आणि मतदानाच्या दुसऱ्या दिवशी तर सलीमभाईची पुण्याची बस आहे.

सलीमभाईनं वायरी होत्या तशा आत सारल्या आणि डब्यावर झाकण ठेवलं. पेचकस फिरवता फिरवता, आमच्याकडे न पाहता म्हणाला, "बस तं रोजच राह्यते."

झाकण लागतंय तोच डबा आतून पुन्हा वाजला. मोटर सुरू झाली, पाणी आलं. या वेळी कोणाचा फोन होता ते कोणी पाहिलंच नाही. वहिनी फावडं घेऊन पुढच्या रांगेच्या पाण्याचा दांड फोडायला गेल्या होत्या.